गुरूच्या दारचा पहिला शब्द

आषाढ शुद्ध एकादशी आली, की जुन्या जालन्यात श्रीआनंदीस्वामींची यात्रा भरते. मंदिर महादजी शिंद्यांनी बांधविले, असे गावात परंपरेने सांगितले जाते. ज्यांस पंढरपुरास जाणे घडत नाही, असे पंचक्रोशीतील भाविक त्या दिवशी स्वामींच्या चरणी माथा टेकून पांडुरंग भेटल्याचे समाधान मानतात. आम्ही कुंडलिकेच्या दुसऱ्या तीरावरचे, नवीन जालन्याचे. लहानपणी आजीचे बोट धरून पूल ओलांडावयाचा, दर्शन घ्यावयाचे, आणि खडीसाखरेचा खडा गालात धरून परतावयाचे, हा आमचा नेम. एकादशीमागून चौथ्या दिवशी पौर्णिमा येते, व्यासपूजेची, गुरुपूजनाची. आज आमचे वय ७८ वर्षांचे आहे; तरीही या चार दिवसांत दरवर्षी एक जुना हिशेब आमच्या मनापुढे उघडला जातो. तो अद्याप जुळलेला नाही. यंदा तो वाचकांपुढे मांडावा, असे वाटले.

हिशेब मंत्राचा आहे. आम्हांस आयुष्यात एक मंत्र न मागता मिळाला, आणि एक मागूनही मिळाला नाही.

न मागता मिळाला तो मुंजीत. १९५५ सालचा वैशाख. जालना तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यात होते आणि औरंगाबाद हैदराबाद राज्यात. वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, मोंढ्यात एका अडतीवर मुनीम होते. मुंज घरासमोरच, रस्त्यावर मांडव घालून. कुंडलिकेत वाळूखेरीज काही उरले नव्हते. घाणेवाडीच्या तलावाचे पाणी नळाला येई ते तासभर, आणि त्या तासात आई, मावशी, आत्या, शेजारणी अशी अर्धी गल्ली हंडे घेऊन ओळीने उभी राही. आठ वर्षांच्या मुलाला या धांदलीचे कारण आपणच आहोत, याचा केवढा अभिमान वाटतो, ते ज्यांच्या मुंजी थाटात झाल्या, त्यांना सांगावयास नको.

आदल्या दिवशी ग्रहमख झाला. मुंजीच्या सकाळी मातृभोजन. आईच्या ताटात, तिच्या हातून, आठ मुंजमुलांच्या पंगतीत. आई घास भरवीत होती आणि मधूनच पदराने डोळे टिपीत होती. आम्हांस वाटले, चुलीचा धूर लागला असेल. यापुढे हा मुलगा तिच्या ताटात जेवावयाचा नाही, हे तिला ठाऊक होते आणि आम्हांला नव्हते. पुष्कळ वर्षांनी कळले, की उपनयनाचा सारा अर्थ त्या घासात होता. ‘उपनयन’ म्हणजे जवळ नेणे. पण कोणाच्या तरी जवळ नेण्याआधी कोणापासून तरी दूर न्यावे लागते.

मग घेरा राखून क्षौर, स्नान, लंगोटी. अंतरपाट धरला गेला. त्याच्या एका बाजूस आम्ही, दुसऱ्या बाजूस अण्णा. मंगलाष्टके झाली, ‘सावधान’ म्हटले गेले, अक्षता पडल्या, पाट दूर झाला, आणि रोज सकाळी मोंढ्याकडे घाईने जाणारे आमचे अण्णा सोवळे नेसून अगदी अनोळखी माणसासारखे समोर उभे दिसले. कमरेला मुंज गवताची तिपेडी मेखला, हाती पळसाचा दंड, गळ्यात आजोबांनी स्वतः टकळीवर कातलेले जानवे. मेखला फार टोचे. नंतर अण्णांनी आम्हांस मांडीशी घेतले, वरून शेला पांघरला, आणि त्या उबदार अंधारात आमच्या उजव्या कानाशी सावित्रीचा उपदेश केला. आधी एकेक चरण, मग अर्धी ऋचा, मग सबंध. अण्णांच्या तोंडाला तपकिरीचा वास येत होता. इतके स्मरते. मंत्र ऐकताना काय वाटले, ते मात्र काही केल्या स्मरत नाही.

आता या ठिकाणी अक्काचा उल्लेख आला पाहिजे. अक्का आमची थोरली बहीण. त्या वेळी बारा वर्षांची. मुंजीपूर्वी पंधरा दिवस गुरुजी रोज तिन्हीसांजेस येऊन ओसरीवर आम्हांस संध्या शिकवीत. अक्का आतल्या उंबरठ्याशी वाती वळीत बसलेली असे. मुंजीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजींनी आम्हांस पाटावर बसविले आणि मंत्र म्हणावयास सांगितले. दोन चरण झाले आणि तिसऱ्या चरणाला आम्ही अडलो. पाहुण्यांनी भरलेले घर, सगळ्यांचे डोळे आमच्यावर, आणि तिसरा चरण काही केल्या आठवेना. तेव्हा दाराआडून अक्काने तो हलक्या आवाजात सांगितला. स्वर, उच्चार, विराम, सारे बिनचूक.

कोणी रागावले नाही. गुरुजींनी खाली पाहिले. आजीने मात्र उठून अक्काला आत नेले, आणि आम्हांस स्वयंपाकघरातून तिचे शब्द ऐकू आले, “ते मुलींनी म्हणावयाचे नसते. पुन्हा तोंडातून काढू नकोस.” अक्काने पुन्हा तोंडातून काढले नाही. आम्ही पाटावरून उठून भिक्षावळीचे लाडू मोजावयास गेलो.

भिक्षावळीची गोष्ट राहिलीच. हातात झोळी, पायांत नव्या खडावा, आणि ‘भवति भिक्षां देहि’ म्हणत प्रथम आईपुढे जावयाचे. छत्री आमची नव्हती. शेजारच्या मारवाडी शेठजींकडून मागून आणलेली होती, आणि तिची एक काडी मोडलेली होती. पुढे श्रीमद्भागवताचा आठवा स्कंध वाचताना वामनाच्या मुंजीचे वर्णन आले, तेव्हा ती मोडकी छत्री आठवून आम्हांस हसू आले. प्रत्यक्ष विष्णू बटू होऊन बसला आहे. सावित्रीचा उपदेश सूर्याने केला, यज्ञोपवीत बृहस्पतीने दिले, मेखला पिता कश्यपाने. पृथ्वीने कृष्णाजिन दिले, सोमाने दंड, माता अदितीने कौपीन, आणि छत्र दिले ते द्युलोकाने. ब्रह्मदेवाचा कमंडलू, सप्तर्षींचे दर्भ, सरस्वतीची अक्षमाला, कुबेराचे भिक्षापात्र. आणि त्या पात्रात पहिली भिक्षा घातली साक्षात उमेने. कोणी काय आणावयाचे, हे आमच्या घरी आत्या नि मावशी ठरवीत होत्या, तसेच तिकडे ठरलेले दिसते! ज्याच्याजवळ सारे आहे, त्यालाही एकेक वस्तू दुसऱ्याच्या हातून घ्यावी लागली. तो तिथून उठला तो थेट बळीच्या यज्ञमंडपात गेला, आणि तीन पावले भूमी मागून त्रैलोक्य घेतले. मुंज झालेल्या मुलाचे पहिले काम मागणे हे आहे, एवढे त्या कथेवरून दिसते.

आणि येथेच आमच्या मुंजीतील उणीव कळते. आम्ही लाडू मागितले. मंत्र मागितला नव्हता.

अथर्ववेदाच्या अकराव्या कांडात ब्रह्मचर्यसूक्त आहे. त्यात म्हटले आहे, की उपनयन करणारा आचार्य शिष्याला गर्भासारखा आपल्या ठायी धारण करतो. तीन रात्री त्याला उदरात वाहतो. आणि तो जन्मास येतो, तेव्हा त्याला पाहण्यास देव गोळा होतात. त्याच सूक्तात आणखी एक विलक्षण गोष्ट आहे. आचार्याला तेथे मृत्यू म्हटले आहे. हे वाचले, की कठोपनिषदातील नचिकेत डोळ्यांपुढे उभा राहतो. बापाने रागाच्या भरात मृत्यूला देऊन टाकलेला हा कुमार यमाच्या दारी जातो. यम घरी नाही. आणि तो तीन रात्री अन्नावाचून तेथे राहतो. तीन रात्री सूक्तात आहेत, तीन रात्री यमसदनी आहेत, आणि आपल्या मुंजीतही मूळ विधीप्रमाणे तीन दिवस व्रतस्थ राहून चौथ्या दिवशी पळसाच्या फांदीपाशी मेधाजनन करावयाचे आहे. आमचे मेधाजनन त्याच सायंकाळी उरकले, कारण गुरुजींना दुसऱ्या गावी दुसरी मुंज होती. दोष त्यांचा नव्हे; मुहूर्त थोडे आणि मुंजी फार. पण तीन रात्रींचा गर्भवास आम्हांस तीन तासही घडला नाही, हे खरे.

पुढचे थोडक्यात सांगतो, कारण ते पुष्कळांचे सारखेच आहे. शाळा संपेपर्यंत संध्या चालली. ती अण्णांच्या धाकाने. औरंगाबादेस महाविद्यालयात गेलो, तेव्हा वसतिगृहात पळीपंचपात्र काढावयाची लाज वाटू लागली. नोकरी लागली, लग्न झाले. श्रावणीला जानवे बदलणे एवढाच काय तो संबंध उरला. अक्काचे लग्न १९५९ साली परभणीकडे झाले होते. तिशी उलटण्यापूर्वीच तिला वैधव्य आले, आणि ती दोन मुलांना घेऊन जालन्यास परत आली. शिवणाचे यंत्र चालवून तिने मुले वाढविली. पहाटे उठून ती काहीतरी पुटपुटत असे. काय ते आम्ही कधी विचारले नाही.

१९७८ साली अण्णा गेले. दहाव्या दिवशी, पिंडाशी बसलो असता, आपल्या कानात एकदा या माणसाने काहीतरी सांगितले होते, आणि ते आपण सांडून ठेवले आहे, ही जाणीव प्रथमच बोचली. त्यानंतर मन कोठे लागेना. १९८१ च्या महाराष्ट्रदिनी जालना स्वतंत्र जिल्हा झाला. गावात उत्साह होता, कचेऱ्या वाढत होत्या, आमची बढती झाली होती. आम्ही मात्र कोणी अनुग्रह देईल का, याचा शोध करीत हिंडत होतो.

असा शोध करणाऱ्यास आमच्या जिल्ह्यात जांबेची वाट चुकत नाही. आजच्या घनसावंगी तालुक्यातील हे गाव श्रीसमर्थ रामदासांचे जन्मस्थान. शके १५३०, म्हणजे इसवी सन १६०८, चैत्र शुद्ध नवमी, ऐन रामजन्माची तिथी. सूर्याजीपंत ठोसर आणि राणूबाई यांचा हा धाकटा पुत्र नारायण. वडील लवकर वारले. थोरले बंधू गंगाधर, ज्यांस परंपरा ‘श्रेष्ठ’ म्हणते, ते अधिकारी पुरुष होते आणि लोकांना अनुग्रह देत. नारायणाने त्यांच्याकडे मंत्र मागितला. तेव्हा काय झाले? समर्थांची चरित्रे सांगतात, की बंधूंनी नाही म्हटले. तू अजून लहान आहेस, थांब. तो रुसून मारुतीच्या देवळात जाऊन बसला, आणि तेथे प्रत्यक्ष श्रीरामाकडून त्याला उपदेश झाला. पुढे आसनगावी बोहल्यावर अंतरपाटाआडून ‘सावधान’ हा शब्द कानी पडताच तो सावध होऊन निघाला, हे तर महाराष्ट्रातील प्रत्येक मुलाला ठाऊक आहे. नाशिकजवळ टाकळीस बारा वर्षे गायत्रीचे पुरश्चरण आणि तेरा कोटी रामनामाचा जप. अंतरपाट तोच, शब्दही तोच. आम्ही तो आठव्या वर्षी ऐकला आणि अक्षता झटकल्या.

जांबेच्या वाटेवर एका खेड्याबाहेर, मारुतीच्या देवळाला लागून असलेल्या खोपटात एक वृद्ध सत्पुरुष राहत. त्यांचे नाव आम्ही सांगत नाही. ते स्वतःही सांगत नसत. संप्रदाय समर्थांचा. १९८२ च्या गुरुपौर्णिमेस आम्ही नारळ, फुले, उपरणे घेऊन त्यांच्यापुढे बसलो आणि अनुग्रह मागितला. त्यांनी विचारले, “मुंज झाली आहे का?” झाली आहे, म्हणालो. “मग त्या वेळी मिळाले, त्याचे काय केले?”

या प्रश्नाला उत्तर नव्हते. ते म्हणाले, “पहिले देणे फेडल्याशिवाय दुसरे कर्ज मागू नये. वर्षभर संध्या करा. पुढच्या पौर्णिमेस या.”

वाचकहो, खरे सांगतो, आम्हांस राग आला. कचेरीत मानमरातब मिळविलेल्या गृहस्थाला कोणी शाळकरी मुलासारखे परत पाठविले, की येतो तसा. एस.टी.त बसून येताना मनात आले, हा कसला संत, दारी आलेल्याला विन्मुख पाठवितो! जालन्यास पोहोचेपर्यंत राग निवला नव्हता. पण त्या वर्षी आम्ही पुराणे नि उपनिषदे काढून बसलो, ती काहीशी भांडणासाठीच. गुरू असा नाही म्हणतो काय, ते पाहू, म्हणून. आणि जसजसे पाहत गेलो, तसतसे भांडण आमच्यावरच उलटत गेले.

जिकडे पाहावे तिकडे नकारच. नचिकेताला यम म्हणतो, दुसरा कोणताही वर माग, हत्ती घे, घोडे घे, हवे तेवढे आयुष्य घे, हा प्रश्न मात्र विचारू नको. छांदोग्यात देवांचा राजा इंद्र हाती समिधा घेऊन प्रजापतीकडे जातो, आणि त्याला ३२ वर्षे, पुन्हा ३२ वर्षे, पुन्हा ३२ वर्षे आणि वर आणखी पाच वर्षे राहावे लागते. एकंदर १०१ वर्षे. महाभारताच्या आदिपर्वात धौम्य ऋषी उपमन्यूचे अन्न क्रमाक्रमाने तोडतात. भिक्षा नको, दूध नको, वासरांच्या तोंडचा फेससुद्धा नको. तो रुईची पाने खाऊन आंधळा होतो आणि विहिरीत पडतो, तरी गुरूला दूषण देत नाही. आमच्या मराठवाड्यातच पाहा. तेरच्या गोरोबाकाकांनी थापटणे घेऊन संतांची डोकी वाजविली, आणि विठ्ठलाशी प्रत्यक्ष बोलणारे नामदेव कच्चे मडके ठरले; त्यांना औंढ्या नागनाथास विसोबा खेचरांच्या पायांशी जावे लागले. पैठणचा एकनाथ वयाच्या बाराव्या वर्षी देवगडास जनार्दनस्वामींकडे आला. तो अनुग्रह मागावयास आला होता, आणि त्याला मिळाले काय, तर किल्ल्याच्या जमाखर्चाची वही! एका पैची चूक शोधण्यासाठी तो रात्रभर जागला आणि सापडल्यावर आनंदाने टाळी वाजविली, ही कथा सर्वश्रुत आहे. मुनिमाचा मुलगा असल्याने ती आम्हांस फार जवळची वाटते. अण्णाही एका पैसाठी असेच जागत.

एक गोष्ट मात्र येथे वेगळी काढली पाहिजे. सगळे नकार सारखे नव्हेत. श्रेष्ठांनी नारायणाला ‘अजून नाही’ म्हटले. द्रोणाचार्यांनी एकलव्याला ‘तुला नाही’ म्हटले. पहिला नकार दार दाखवितो, दुसरा दार लावून घेतो. आळंदीच्या त्या चार भावंडांना ‘तुम्हांला नाही’ असेच सांगितले गेले होते. आईबापांनी देहान्त प्रायश्चित्त घेतले, मुलांना शुद्धिपत्रासाठी पैठणास जावे लागले. पण त्र्यंबकेश्वरी ब्रह्मगिरीच्या गुहेत गहिनीनाथांनी निवृत्तीला जे दिले होते, ते तिकडच्या शुद्धिपत्राची वाट पाहत बसले नाही. ते निवृत्तीकडून ज्ञानेश्वरांकडे आले, आणि शके १२१२ मध्ये नेवाशास ज्ञानेश्वरी सिद्ध झाली.

हे लिहिताना आमच्या डोळ्यांपुढे दाराआडची अक्का आहे, हे सुज्ञ वाचकांनी ओळखले असेलच. आजीला आम्ही दोष देत नाही. तिला जे सांगितले गेले, ते तिने सांगितले. पण हारीताच्या नावाने धर्मनिबंधांत उद्धृत केलेले वचन आहे, त्यात स्त्रिया दोन प्रकारच्या म्हटल्या आहेत, ब्रह्मवादिनी आणि सद्योवधू. आणि ब्रह्मवादिनीला उपनयन, अग्निसेवा, वेदाध्ययन सांगितले आहे. हे आम्हांस १९५५ साली कोणी सांगितले असते, तर तिसरा चरण दाराआडून यावा लागला नसता. आज काही घरांतून मुलींच्या मुंजी होतात. दोन वर्षांपूर्वी आमच्याच नातीची झाली. अक्का मांडवात पुढे बसली होती. सगळे आटोपल्यावर तिने भिक्षेतला एक लाडू मागून घेतला आणि तिथेच बसून खाल्ला.

असो. १९८३ च्या पौर्णिमेस आम्ही पुन्हा गेलो. वर्षभर संध्या केली होती, बहुतेक दिवस. सत्पुरुषांनी विचारले, “किती दिवस चुकली?” आम्ही म्हणालो, मोजले नाहीत. ते म्हणाले, “जे मोजण्याजोगे वाटले नाही, ते केले कसे म्हणावे?” पुन्हा एक वर्ष.

१९८४ साली आम्ही अक्काला बरोबर नेले. तिला देवदर्शन घडावे, एवढाच हेतू. आम्ही भिंतीवरची दिनदर्शिकाच उतरवून नेली होती. तीवर रोज संध्येची खूण केलेली, तीन खाडे सोडून. त्यांनी ती पाहिली आणि हसून बाजूस ठेवली. मग अक्काकडे वळून म्हणाले, “बाई, तुम्ही काय करता?” अक्का म्हणाली, “मी काही नाही करत महाराज. लहानपणी एक मंत्र नकळत पाठ झाला. आजीने म्हणू नको म्हटले, म्हणून म्हणत नाही. पण तो पहाटे आपला आपण आठवतो. मग त्याच्या जागी रामनाम घेते. जितका वेळ तो म्हणावयास लागला असता, तितका वेळ.”

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर आम्हांस बाहेर पारावर बसावयास सांगितले. समर्थांनी वेणाबाईंसारख्या बालविधवेला अनुग्रह दिला, लोकापवाद न जुमानता कीर्तनास उभे राहण्याची आज्ञा दिली, आणि पुढे मिरजेचा मठ सांभाळावयास दिला. त्यांच्या परंपरेतील पुरुषाला अक्काच्या बाबतीत विचार करावा लागला नसावा. पाऊण तासाने अक्का बाहेर आली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हते की चेहऱ्यावर काही विशेष नव्हते. मुंजीच्या दिवशी आईच्या ताटाशी बसलेल्या मुलासारखी ती दिसत होती. आम्ही आत गेलो, तो ते म्हणाले, “तुम्ही आणखी एक वर्ष.”

या वेळी राग आला नाही. परतताना एस.टी.त अक्काने खिडकीकडे तोंड केले होते. तिला काय मिळाले, ते आम्ही विचारले नाही. आणि ती सांगणारही नव्हती. समर्थांनी दासबोधात ‘मंत्रांचा’ नावाचे एक सबंध दशक लिहिले आहे, पाचवे. तेथे नाना प्रकारचे उपदेश नि मंत्र सांगितले आहेत, आणि ज्ञानावाचून ते सारे गौण ठरविले आहेत. ते दशक आम्ही त्या वर्षी किती वेळा वाचले, याची गणती नाही.

१९८५ च्या फाल्गुनात निरोप आला, की महाराज गेले.

आमची पौर्णिमा चार महिन्यांवर होती. दिनदर्शिकेवर त्या वर्षी एकही खाडा नव्हता. त्या दिवशी मनाची जी अवस्था झाली, ती शब्दांत मांडण्याचा प्रयत्न करीत नाही. सायंकाळी संध्येला बसावे की नाही, असाही विचार मनात आला. कोणासाठी करावयाची? कोणाला दाखवावयाची? अर्घ्याची वेळ टळून चालली, तरी आम्ही ओसरीवर बसूनच होतो. तेव्हा अक्का आतून पळीपंचपात्र घेऊन आली आणि आमच्यापुढे ठेवून गेली. बोलली काहीच नाही.

छांदोग्यात उपकोसलाची कथा आहे. त्याचे गुरू सत्यकाम जाबाल. हा तोच सत्यकाम, ज्याने आपले गोत्र ठाऊक नाही असे खरे सांगितले, आणि तेवढ्या सत्यावर गौतमांनी ज्याला समिधा आणावयास सांगितले. स्वतः इतक्या सहज स्वीकारला गेलेला हा पुरुष गुरू झाल्यावर मात्र उपकोसलाला बारा वर्षे अग्नी सांभाळावयास लावतो. इतर शिष्यांना निरोप देऊन घरी पाठवितो, याला देत नाही. गुरुपत्नी मध्यस्थी करते, म्हणते, याने अग्नींची नीट सेवा केली आहे, याला सांगा. तरीही न सांगता तो प्रवासास निघून जातो. उपकोसल दुःखाने अन्न सोडतो. आणि मग ज्या अग्नींत त्याने बारा वर्षे समिधा घातल्या, तेच अग्नी आपसांत म्हणतात, याने आपली सेवा केली, आपणच याला सांगू.

आम्हांस अग्नी बोलले, असे आम्ही म्हणणार नाही. तेवढी योग्यता नाही. मंत्र एकच आहे, अण्णांनी शेल्याखाली सांगितलेला, आणि त्याच्या तिसऱ्या चरणाशी अजूनही क्षणभर थांबावयास होते. तेथे आवाज अण्णांचा येत नाही, दाराआडचा येतो.

गुरुपौर्णिमेस आम्ही आता कोठे जात नाही. अक्का जवळच, दोन गल्ल्या पलीकडे मुलाकडे असते. ८२ वर्षे झाली. दृष्टी अधू झाली आहे, शिवणाचे यंत्र झाकून ठेवले आहे. त्या दिवशी सकाळी नारळ, फुले आणि पळसाच्या चार समिधा घेऊन आम्ही तिच्याकडे जातो. समिधांचे ती काही करीत नाही, देव्हाऱ्याखाली ठेवून देते. धाकट्या भावाने वाकून नमस्कार केलेला तिला आवडत नाही. पाय मागे घेते. मग चहा ठेवावयास सुनेला हाक मारते आणि विचारते, “काल सायंकाळची झाली का रे? का एकादशीच्या यात्रेच्या दगदगीत राहिली?”

गेल्या वर्षी राहिली होती. तसे सांगितले. ती म्हणाली, “मग जा, आधी ती करून ये. चहा होईस्तोवर.”